गाण्याचं आवतन

मे महिना आहे. पेपर संपलेत, किंवा शेवटचा एखादा राहिलाय. यवतमाळात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर रसवंतीवाला आणि आमच्यासारखे इंटर्न, एवढेच दिसतात. अशा उन्हात मी तुमच्याशी शास्त्रीय संगीताबद्दल बोलणार आहे. पान उलटू नका, जरा थांबा. रागदारी शिकवण्याइतकं मला काही येत नाही. मला बोलायचंय ते त्या माणसाबद्दल, जो आपल्याला सांगतो की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी गाणं आहे, या. किंवा जो सांगत नाही, म्हणून आपण जात नाही.

इंटर्नशिप सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. डेस्कवरच्या सरांनी एक प्रेस नोट हातात दिली. "पाच ओळीत बसव." नोट दीड पानाची होती. त्यात अकरा जणांची नावं होती: अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, सत्कारमूर्ती. गायिकेचं नाव सातव्या ओळीत आलं. 'त्यांना मान्यवर कलाकार साथसंगत करतील' असं एक वाक्य होतं. वेळ सायंकाळी सहा. फुकट की तिकीट, माहीत नाही. किती वेळ चालणार, माहीत नाही. मी पाच ओळीत बसवलं. अध्यक्ष ठेवले, उद्घाटक ठेवले, साथसंगत उडवली. जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी मलाच पाठवलं. शंभर खुर्च्या होत्या. मी मोजली, माणसं एकतीस. त्यात आपल्या वयाची दोन. एक मी, दुसरा साउंडवाल्याचा मुलगा.

गाणं मात्र छान झालं हो. म्हणजे पहिली वीस मिनिटं मला काहीच कळलं नाही. नंतर कधीतरी मी फोन बॅगेत टाकला आणि बाहेर काढायचं विसरले.

रात्री रूमवर आले. माझी रूम पार्टनर तबला शिकते, मध्यमेच्या परीक्षेची तयारी करत होती. मी काढलेला फोटो तिनं पाहिला आणि ती ताडकन उठून बसली. तबल्यावर जे बसले होते, त्यांचे व्हिडिओ ती रोज पाहते. थांबवून थांबवून, बोटं बघत. ते आमच्या होस्टेलपासून चालत पंधरा मिनिटांवर वाजवून गेले होते. "तू होतीस तिथं? मले सांगितलं काऊन नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं नाव नोटमध्ये नव्हतं, आणि 'साथसंगत' हा शब्दही मीच कापला होता.

आपल्याकडे लग्नाचं आवतन असतं ना, त्यात एक चूलबंद आवतन असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. साध्या आवतनात घरटी एक माणूस जातो, तोंड दाखवतो आणि येतो. शास्त्रीय गाण्याचं आवतन आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं घरटी एक माणूस असंच दिलं जातंय. तेच सभासद, तीच यादी, पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या. मग भाषणात म्हणायचं, तरुण पिढी पाठ फिरवते. अहो, पाठ फिरवायला आधी कुणी हाक तर मारावी लागते!

हे हाक मारण्याचं काम हे खरोखरच एक काम आहे. मोठ्या शहरांत त्याला पीआर म्हणतात, कलाकारांचे मॅनेजर असतात, उत्सवांच्या टीम असतात. चेन्नईत डिसेंबरच्या संगीत हंगामात तर सभांमागून सभा, त्यांची वेळापत्रकं, कुठल्या सभेच्या कँटीनमध्ये काय चांगलं मिळतं याचीही चर्चा. पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये उत्सव सुरू केला. आज डिसेंबर आला की पुण्यातली पोरं कॉलेज बुडवून तिथं जातात. सगळ्यांना राग ओळखता येतात म्हणून नव्हे. 'सवाईला जायचं असतं' हे त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं म्हणून. कानावर घालणं, बस, एवढंच हे काम.

आमच्या मास कॉमच्या वर्गात पीआरचा अख्खा पेपर आहे. आम्ही शाम्पूची मोहीम केली, मोबाइलची केली, मतदार जागृतीची केली. गाण्याच्या मैफलीची एकदाही नाही. आणि या धंद्याचा मूळ पुरुष तर मराठी माणूस!

विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. तेव्हा गवई म्हणजे राजाचा नाहीतर शेठजीचा माणूस. ज्याला दरबारात बोलावणं त्यालाच गाणं. पलुस्कर मिरजेतून बाहेर पडले, सौराष्ट्रात गेले आणि तिकीट लावून जाहीर मैफल केली. अशा अगदी पहिल्या मैफलींपैकी ती मानली जाते. आज तिकीट म्हटलं की आपल्याला वाटतं, अडवायला लावलंय. तेव्हा उलटं होतं. तिकिटाचे पैसे दिले की तुम्ही कुणाचे कोण, हे कुणी विचारणार नाही, हा त्याचा अर्थ होता. पुढे ५ मे १९०१ ला, बरोबर याच महिन्यात, त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. परक्या शहरात, लोकांच्या मदतीवर चालणारं. पुस्तकं छापली, स्वतःचा छापखाना टाकला, मासिक काढलं. १९०८ मध्ये मुंबईला आले. त्यांचं निधन १९३१ मध्ये झालं, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ स्थापन केलं, त्याच्याच परीक्षा माझी रूम पार्टनर देते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि पीआरच्या नोट्समध्ये ती हमखास गाळतात. मुंबईतल्या संस्थेच्या इमारतीसाठी पलुस्करांनी कर्ज काढलं, ते फिटलं नाही, १९२४ मध्ये इमारत हातची गेली. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं नाव, आणि हिशेबात बुडाला. म्हणून नुसता गाजावाजा हे काम नाही. किती जण येतील याचा खरा अंदाज आणि त्यानुसार खर्च, हेही त्यातच आलं.

आता उन्हाळ्याचा काय संबंध? तो सगळ्यात मोठा संबंध आहे. फोटो काढताना ज्यांच्याशी ओळख झाली त्या आयोजक काकांना मी गेल्या महिन्यात भेटले. निवृत्त शिक्षक. जुन्या डायरीत कलाकारांचे नंबर, मागच्या पानावर खर्च. ते म्हणाले, "बेटा, हिवाळ्याचं गाणं उन्हाळ्यातच पेरावं लागते." चांगल्या कलाकारांच्या डिसेंबर-जानेवारीच्या तारखा आधीच जातात. पुण्या-मुंबईहून येणारा कलाकार रेल्वेनं धामणगावला उतरणार, तिथून गाडीनं यवतमाळ. म्हणजे न्यायला-आणायला माणूस हवा, आदल्या रात्री मुक्काम हवा. मग हॉल, साउंड, तानपुरे, वीज गेली तर जनरेटर. हे सगळं मे-जूनमध्ये ठरतं. जुलैत गुरुपौर्णिमा, मग गणपती, मग आपला दुर्गोत्सव. त्या नऊ दिवसांत यवतमाळात दुसरं काहीही करणं म्हणजे वेडेपणा, इतकी गर्दी देवीच्या मंडपांत असते. त्यानंतर दिवाळी पहाट, आणि मग थंडीतला खरा हंगाम.

काकांची वही पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तारखा ठरवताना त्यांनी मुहूर्त पाहिले होते, लग्नसराई पाहिली होती, पाहुण्यांची सोय पाहिली होती. अमरावती विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा कधी असतात, हे पाहिलं नव्हतं. त्यांना कोण सांगणार? मी विचारलं, "काका, लास्ट एसटी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. नेर, दारव्हा, आर्णी, घाटंजीहून रोज अप-डाउन करणारी पोरं संध्याकाळच्या मैफलीला थांबली तर परत कशानं जाणार? मुलींच्या होस्टेलचं गेट कितीला बंद होतं? सहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला, अर्धा तास सत्कार झाले, की पावणेआठ. गाणं रंगायला लागेपर्यंत आम्ही चपला शोधत असतो. आम्हाला गाणं आवडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या वॉर्डन मॅडमना भेटावं.

यातूनच एक मुद्दा निघाला. मैफल सकाळी का नाही? रविवारी, सहा-साडेसहाला. यवतमाळची थंडी, शाल, चहा. भैरव, तोडी, ललत हे सकाळचे राग संध्याकाळच्या मैफलीत गायलेच जात नाहीत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली तेव्हापासून पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफलीही संपल्यासारख्याच झाल्या, सवाईलाही वेळा बदलाव्या लागल्या. त्यामुळे मध्यरात्रीचे राग आपण फक्त यूट्यूबवर ऐकतो, तेही दुपारी. सकाळची मैफल नऊला संपली की एसटी आहेत, गेट उघडं आहे, घरचेही नाही म्हणत नाहीत. काका म्हणाले, सकाळी पाहुणे येणार नाहीत. मी म्हटलं, मग तर फारच छान! (हे मी खरंच बोलले. नंतर वाटलं, जरा जास्तच झालं. पण ते हसले.)

आता बॅनरबद्दल. जिल्ह्यातल्या कुठल्याही सांगीतिक कार्यक्रमाचा बॅनर डोळ्यासमोर आणा. वर देवाचा फोटो, बाजूला नेत्यांचे, खाली कार्यकारिणीचे पासपोर्ट साइज. कलाकार मध्ये कुठेतरी, पुसट. बॅनरचे पैसे ज्यांनी दिले त्यांचे चेहरे त्यावर असणार, हे मला कळतं. देणगीशिवाय मैफल होत नाही, आणि देणगीदाराला नाव हवं असेल तर त्यात गैर काही नाही. पण मग दोन बॅनर करा. एक हॉलच्या आत, त्यात सगळे मान्यवर. दुसरा कॉलेजच्या गेटवर आणि व्हॉट्सअॅपवर. त्यात कोण गाणार, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, किती वाजता नक्की सुरू, किती वाजता नक्की संप, पैसे लागतात का, आणि मध्येच उठून गेलं तर चालतं का. शेवटच्या प्रश्नाला हसू नका. पहिल्यांदा येणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती तीच असते. आपल्याला टाळ्या कुठं वाजवायच्या हे कळणार नाही, 'क्या बात है' चुकीच्या जागी निघेल, आणि पुढच्या रांगेतले आजोबा मागे वळून बघतील.

आणि खोटं बोलायचं नाही. 'मंत्रमुग्ध करणारी सुरेल मेजवानी' असं लिहिलं की आम्ही स्क्रोल करून पुढे जातो. त्याऐवजी सरळ सांगा: पहिली पंधरा-वीस मिनिटं संथ असतील, काही घडत नाहीये असं वाटेल, बसून राहा, लय वाढत जाईल, शेवटी तबला आणि गळा यांची पकडापकडी चालेल. मला कुणी एवढं सांगितलं असतं तर पहिली वीस मिनिटं मी फोनमध्ये घालवली नसती.

जाहिरातीनं या संगीताचा मान जातो असं काही जणांना वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले, त्या दिवशीचे स्टेटस आठवा. ज्यांनी आयुष्यात कधी तबल्याची मैफल पाहिली नाही, त्यांच्याही स्टेटसला त्यांचा फोटो होता. त्यांना आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं घराघरात ओळखलं ते चहाच्या जाहिरातीतून. त्या जाहिरातीनं तबल्याचं काय वाईट झालं? उलट त्यानंतर किती पोरांनी घरातली भांडी वाजवून मार खाल्ला असेल!

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. माझ्याच वर्गातल्या एका मित्रानं तो घेतला. तो राळेगावकडचा, घरी कापूस. तो म्हणाला, "आपला जिल्हा पेपरात येते कशासाठी, तुले मालूम आहे. अन् तू सांगून राहिली राग ऐका." मी गप्प बसले. घरी गेल्यावर विचार केला की त्याच्याच गावात भजनी मंडळ आहे. पेटी आहे, तबला आहे, खंजिरी आहे. राष्ट्रसंतांची खंजिरी ऐकत मोठी झालेली माणसं आहेत. सप्ताहात पहाटे काकडा होतो आणि शेवटी भैरवी होते. पेटीवर बसणाऱ्या आजोबांना रागाचं नाव सांगता येत नसेल, पण सूर चुकला की ते तिथल्या तिथं थांबवतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतं गाणारी पोरं बघा, लांब तान कशी घेतात. गाणं या जिल्ह्यात उपरं नाही. आवतनाची यादीच चार गल्ल्यांत फिरत राहिली, हे खरं दुखणं आहे. माझा मित्र चिडला होता तो गाण्यावर नव्हे, बहुतेक त्या चार गल्ल्यांवर. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग आमच्या मंडळाले बोलावजो, पाहू." हे मी आवतन स्वीकारल्यासारखं धरलंय.

जवळची उदाहरणंही आहेत. डॉ. वसंतराव देशपांडे यांचा जन्म २ मे १९२० चा, मूर्तिजापूरचा. तेच मूर्तिजापूर, जिथं आपली शकुंतला जायची. यवतमाळहून निघायची, दारव्हा घ्यायची आणि रमतगमत मूर्तिजापूरला पोचायची. 'कट्यार काळजात घुसली' हे वसंतरावांचं गाजलेलं नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. आडनाव ऐकलं की आपलं दारव्हा आठवतंच. २०१५ मध्ये त्यावर सिनेमा आला, तो आपण शाळेत असताना पाहिला आणि त्यातली गाणी रिंगटोनला लावली. ती मुळं याच रुळांच्या आजूबाजूची आहेत, हे आपल्याला कुणी सांगितलं? नागपूरला त्यांच्या नावाचं सभागृह आहे, आणि त्यांच्या स्मृतीत संगीत समारोहही होतो. यवतमाळहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. कॉन्सर्ट म्हटली की आपण पुण्याला जायची तयारी दाखवतो, आणि दीडशे किलोमीटरवरचं आपल्याला ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात, तेही विदर्भात, गाणं होऊच शकत नाही असं वाटत असेल तर २०२३ चा उन्हाळा आठवा. स्पिक मॅकेचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन नागपूरच्या व्हीएनआयटीत झालं. ही १९७७ मध्ये आयआयटी दिल्लीच्या किरण सेठ सरांनी सुरू केलेली चळवळ. मोठमोठे कलाकार शाळा-कॉलेजांत येऊन गातात, वाजवतात, समजावून सांगतात, विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नाहीत. आणि धावपळीचं काम करतात ते बहुतेक विद्यार्थीच, स्वयंसेवक म्हणून. २०२२ मध्ये सेठ सर सत्तरी ओलांडलेली असताना श्रीनगरहून कन्याकुमारीकडे सायकलवर निघाले, याच कामासाठी. आपण इथं स्कूटीला पेट्रोल नाही म्हणून कार्यक्रम चुकवतो.

आता माझं मागणं. काकांनी मला सरळ सांगितलंय: यंदा खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी ते मैफल करणार नाहीत. रागानं नाही म्हणाले. वय झालंय, देणगीदार विचारतात, कुणासाठी करता? या प्रश्नाचं उत्तर त्यांना एकट्याला देता येत नाहीये. म्हणून यंदाच्या हंगामाच्या प्रचाराचं काम मी मागून घेतलंय. पगार नाही. काका म्हणतात, चहा मिळेल.

मला माणसं हवीत. प्रत्येक कॉलेजमधून एक, जो परीक्षेचं वेळापत्रक लागल्या लागल्या फोटो पाठवेल. प्रत्येक होस्टेलमधून एक, जी वॉर्डनशी बोलेल. पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवड्याला गाण्या-बजावण्याचे क्लास चालवणाऱ्या गुरुजींना ओळखणारे. पोस्टर करता येणारा एक, पण ज्याला फाँटपेक्षा शुद्धलेखन जास्त येतं असा. रील करणारे भरपूर आहेत, तुम्हीही या. एकच अट: कलाकाराला विचारल्याशिवाय त्याचं गाणं रेकॉर्ड करून टाकायचं नाही. आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनी नुसतं यायचं. मागच्या रांगेत, दाराजवळ बसा. कंटाळा आला तर उठून जा. मी दारातच असेन आणि तुमच्याकडे वळून बघणार नाही.

इच्छुकांनी या पानाच्या नावानं कार्यालयात चिठ्ठी टाकावी. उन्हात यायचं असेल तर पाचनंतर.

माझी रूम पार्टनर सध्या गावी आहे, दिग्रसला. काल तिचा मेसेज आला, त्याच तबलजींची तारीख मिळते का विचार म्हणून. मी काकांना फोन लावला. त्यांनी डायरी उघडल्याचा आवाज आला. म्हणाले, "विचारतो. पण पहिले तू सांग, तुमच्या परीक्षा कवा हायेत?"